बहादूरशेख नाक्यावर पाऊण तास

आज चिपळुणात बहादूरशेख नाक्यावर पाऊण तास अडकलो. वर उड्डाणपुलाचं काम, खाली मुंबई-गोव्याची सगळी वाहतूक सर्व्हिस रोडवर, त्यात कराडकडचा रस्ताही इथेच येऊन मिळतो. १६ ऑक्टोबर २०२३ला याच पुलाचा काही भाग काम चालू असताना कोसळला होता. आता दोन खांबांच्या मधोमध नवे खांब घातलेत. गाळा म्हणजे खांबांमधलं अंतर लहान, म्हणून गर्डरवर, म्हणजे खांबांवर टेकलेल्या आडव्या तुळईवर, ताण कमी. (आधी सुचलं असतं तर!)

क्रेनने गर्डर उचलला की शिट्टीवाला पोरगा दोन्ही बाजू रोखतो, खांबावरच्या बेअरिंगवर (टेकूच्या गादीवर) नीट टेकला की सोडतो. धुळीने भुवया पांढऱ्या झालेल्या, पण ट्रकवाल्यांचंही ऐकत नव्हता.

एसटीच्या ड्रायव्हरकाकांनी खिडकीतून त्याला विचारलं, "गणपतीपर्यंत होईल काय रे?"

"कुठल्या वर्षीच्या, काका?"