एक, दोन, तीन... सोड!

दुपारी दोन कुंड्या पुढ्यात घेऊन बसले होते. मोठ्या कुंडीत एवढंसं रोप, आणि लहान कुंडीत बुडाच्या भोकातून मुळं बाहेर काढून बसलेलं थोराड झाड. म्हटलं, स्वॅप करून टाकू. अदलाबदल म्हटलं असतं तरी झाडांची काही हरकत नव्हती, पण हल्ली जीभ आधी स्वॅपकडेच वळते. शिफ्ट स्वॅप, सीट स्वॅप, आता गाडीची बॅटरीसुद्धा स्वॅप. शब्द तसा चोख आहे. नुसतं 'बदललं' म्हटलं की जुन्याचं पुढे काय झालं ते कोणी विचारत नाही. स्वॅपमध्ये दोघांचाही ठावठिकाणा लागतो.

लहान रोप उपटून वर्तमानपत्रावर ठेवलं आणि कॉम्प्युटरचा तास आठवला. प्रोग्राममधल्या 'ए' कप्प्याची किंमत थेट 'बी'त टाकली की 'बी'ची पुसली जाते, म्हणून मध्ये एक तिसरा, तात्पुरता 'टेम्प' लागतो. सरांनी लाल पाण्याचा, निळ्या पाण्याचा आणि एक रिकामा असे तीन पेले मांडून दाखवलं होतं. वर्ग पाण्याकडे बघत होता, मला त्या तिसऱ्या पेल्याचं वाईट वाटत होतं. काम झाल्यावर त्याला कोण विचारतो?

इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ फटका मारणे. सौदा ठरला की हातावर हात मारायचे. त्यावरून १६व्या शतकाच्या अखेरीस तो अदलाबदलीला चिकटला. आमच्या पोस्टाच्या तिकिटांच्या सौद्यात मात्र टाळीवर कोणाचाच विश्वास नव्हता. माझं त्रिकोणी तिकीट, मित्राचं जहाजाचं. दोघांनी दोन्ही तिकिटांची टोकं चिमटीत धरायची आणि मोजायचं, एक, दोन, तीन... सोड! पहिल्यांदा कोणीच सोडलं नाही. दोघंही खो खो हसलो. पुन्हा मोजलं. या खेपेला मी सोडलं. तो दोन्ही तिकिटं घेऊन जिना उतरलासुद्धा.

किडनीचाही स्वॅप होतो. आपल्या माणसाला द्यायची तयारी आहे पण जुळत नाही, अशा दोन जोड्या एकमेकांच्या माणसाला किडनी देतात. १९९१ साली दक्षिण कोरियात हे पहिल्यांदा झालं. अशा वेळी दोन्ही दात्यांची ऑपरेशनं शक्यतो एकाच वेळी सुरू करतात. कारण आपल्या माणसाला किडनी मिळाल्यावर दुसऱ्या जोडीतल्या दात्यानं ऐन वेळी नको म्हटलं, तर त्याच्यावर जबरदस्ती करता येत नाही. म्हणजे तिथेही कोणीतरी एक, दोन, तीन मोजत असणार. फक्त हसत कोणी नसणार.

या नादात वर्तमानपत्रावरच्या रोपानं मान टाकली होती. घाईघाईनं लहान कुंडीत खोचलं आणि माफीदाखल मगभर पाणी ओतलं. जरा जास्तच झालं बहुतेक.