आमची वाटचाल: द्राक्षबागेतले छोटे ट्रॅक्टर आणि मापांचं कार्ड

द्राक्षबागेत चालणारे जुने छोटे ट्रॅक्टर पूर्ण उघडून नव्याने उभे करायचं काम आम्ही 1997 पासून करतोय. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतल्या बऱ्याच बागांतून आमच्या हाताखालून गेलेली मशीन आजही फवारणीचा ब्लोअर ओढतात, माती फोडणारा रोटर मारतात, शेणखताची ट्रॉली बांधापर्यंत नेतात. हे अभिमानाने सांगतो, कारण मधल्या काळात 'रिबिल्ट' हा शब्द आमच्या भागात शिवीसारखा वापरला जायला लागला होता. तो कोणी बिघडवला हेही सांगणार आहे.

सुरुवात झाली ती मित्सुबिशी शक्तीपासून. बंगळुरूच्या व्हीएसटीने जपानच्या मित्सुबिशीच्या सहकार्याने काढलेला हा तीन सिलिंडरचा, साडेअठरा अश्वशक्तीचा गडी. मांडवाखालून जातो, वाय आकाराच्या मांडवाच्या दोन ओळींत वळतो, माती दाबत नाही. मोठा ट्रॅक्टर बागेत घालायची सोय नसते, त्यामुळे घरच्या बारीकसारीक कामाचा सगळा भार याच्यावर. मशीन जुनं झालं तरी बागाईतदार ते सोडायला तयार नसतो, आणि नवीन घ्यायचं म्हटलं तर द्राक्षाचे पैसे कधी हातात येतील याचा भरवसा नाही. आमचा धंदा त्या अडचणीतून उभा राहिला.

माझ्याबरोबर लेथवाले मामा होते. सातपूरला एका बोअरिंगच्या कारखान्यात त्यांची निम्मी हयात गेलेली. येताना त्यांनी स्वतःचा मिटुटोयोचा बोअर गेज (सिलिंडरचं आतलं माप घेणारा) आणि मायक्रोमीटरचा संच आणला, लाकडी पेटीत, आत मखमल लावलेली. त्या पेटीला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना चालायचा नाही. इंजिनाचा ब्लॉक साफ होऊन टेबलावर आला की गेज आत सोडायचे, काटा हलायचा थांबेपर्यंत श्वास रोखायचे, मग वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं असं दोन्हीकडून माप. पिस्टनच्या वरच्या रिंगच्या जागी बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, सगळ्यात जास्त झिजतो, खाली जवळजवळ नव्यासारखा राहतो, हे ज्याने उघडून पाहिलंय त्याला सांगायला नको. मामा सगळे आकडे पेन्सिलीने वहीत लिहायचे. ती वही बघूनच आम्ही कार्ड छापलं. उघडल्यावर तिन्ही सिलिंडरची मापं, क्रँकच्या जर्नलची (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाची) मापं, आणि काम झाल्यावर तीच सगळी मापं पुन्हा. गिऱ्हाईकाच्या हातात ते कार्ड दिल्याशिवाय ट्रॅक्टर शेडच्या बाहेर जात नव्हता. आजही जात नाही.

पुढची वर्षं कामात गेली. शेड वाढली, मामांचा भाचा हाताशी आला, क्रँक ग्राइंडिंग बाहेर द्यावं लागायचं त्याचं मशीनही कर्ज काढून घेतलं.

आमच्याकडेच शिकून तयार झालेला एकजण होता. नाव घेत नाही. हात चांगला होता, क्लच प्लेट बदलायला तर त्याच्याइतका चपळ कोणी नव्हता. त्याने वेगळं दुकान टाकलं त्याचं मला वाईट वाटलं नाही, प्रत्येकाला पोट आहे. वाईट वाटलं ते त्याने विकायला काय काढलं ते बघून. भंगारातले ट्रॅक्टर आणायचे, इंजिनाला हात न लावता टायर नवे, सीट नवी, झगझगीत रंग, नवे स्टिकर, आणि वर 'रिबिल्ट'ची पाटी. आमच्या निम्म्या भावात. गिऱ्हाईक रंगाला भुलतं हे मी समजू शकतो. बागाईतदाराच्या हातात त्या वेळी निम्मेच पैसे असतात. पण त्याने आमचं कार्डही उचललं. तशीच चौकट, तेच रकाने.

ते कार्ड माझ्यापर्यंत आलं अप्पांमुळे. अप्पा दिंडोरीकडचे, आमच्या अगदी पहिल्या गिऱ्हाइकांपैकी. त्यांच्या मेहुण्यांनी त्या दुकानातला ट्रॅक्टर घेतला होता. ऑक्टोबरच्या गोडी बार (फळासाठीच्या) छाटणीनंतर, पानं कोवळी असताना, डावणी या बुरशीच्या रोगावरच्या फवारणीत ब्लोअर लावून तो ओळीच्या मधोमध बसला. अप्पांनी दुसऱ्या ट्रॅक्टरला बांधून तो आमच्याकडे आणला आणि कार्ड टेबलावर ठेवलं. उघडल्यावरच्या मापांच्या रकान्यात पहिला सिलिंडर 0.15 मिलिमीटर झिजलेला. दुसराही 0.15. तिसराही. वर, मध्ये, खाली सगळीकडे 0.15. वर्षानुवर्षं चाललेला ब्लॉक असा झिजत नाही. मामांच्या वहीत तीन सिलिंडर सारखे झिजल्याची एक नोंद सापडणार नाही. गेज न लावता आकडे लिहिले होते.

मेहुण्यांसमोर इंजिन उघडलं. क्रँकखालचे बेअरिंग शेल जुनेच, तांबूस थर दिसायला लागलेला. क्रँकवर एमरी पेपर फिरवून चकाकी आणलेली. हेड गॅस्केटच्या कडेला सिलिकॉन फासलेलं. एअर क्लीनरपासून निघणाऱ्या रबरी होजला खालच्या बाजूने चीर, म्हणजे बागेतली सगळी धूळ थेट सिलिंडरमध्ये. दोनशे रुपयांच्या आतबाहेरचा होज बदलायचं कष्ट घेतले नव्हते, आणि बॉनेटला रंगाचे दोन हात दिले होते!

त्यानंतर तो दुकानवाला गप्प बसला नाही. आम्हीच जुने शेल पुसून पुन्हा घालतो असं त्याने बाजार समितीच्या आवारात पसरवलं. वर्षानुवर्षं येणारी माणसं शेडमध्ये येऊन जुने शेल दाखवा म्हणायला लागली. मी दाखवले. काढलेला प्रत्येक पार्ट तेव्हापासून पिशवीत बांधून गिऱ्हाइकाला परत देतो. पण ज्या माणसाने आमच्याच टेबलावर टॉर्क पाना धरायला शिकलं, त्याने हे बोलावं, ते आजही लागतं.

अशात 2019 चा परतीचा पाऊस आला. ऑक्टोबर सरला, नोव्हेंबर उजाडला तरी थांबेना. आगाप छाटलेल्या बागा फुलोऱ्यात होत्या; घड जिरले, कुजले, डावणीने पानं गेली. ओळींत इतका चिखल की फवारायला ट्रॅक्टर आत घातला की चाक रुतायचं. आमच्या शेडमध्ये तयार मशीन ओळीने उभी, आणि न्यायला माणूस नाही. कोणाकडे मागायचं? ज्यांची बाग गेली त्यांच्या दारात उधारी मागायला जायला माझे पाय उचलले नाहीत. ग्राइंडिंग मशीनचे हप्ते मात्र दर महिन्याला होतेच. मार्चमध्ये काहींचा माल निघायला लागला तोच टाळेबंदी लागली. घरच्यांनी ग्राइंडिंग मशीन विकायचं ठरवलं होतं, गिऱ्हाईकही आलं होतं.

त्या वेळी अप्पा आले. त्यांचीही बाग गेली होती. त्यांनी स्वतःचा ट्रॅक्टर कामाला घातला, त्याला अजून दोन हंगाम सहज काढता आले असते हे त्यांनाही ठाऊक होतं, आणि सगळी रक्कम आगाऊ ठेवली. म्हणाले, "मशीन विकू नका, पुढच्या छाटणीला मला पीटीओ पाचशे चाळीसवर हलायला नको." एप्रिलमध्ये शेती अवजारांच्या दुरुस्तीला परवानगी मिळाली तेव्हा टेबलावर पहिला ब्लॉक त्यांचा होता. त्यांच्यामागून त्यांच्या भाऊबंदांची मशीन आली. हप्ते कसेबसे भरले, ग्राइंडर आमच्याच शेडमध्ये राहिला.

अप्पांच्या त्या वाक्यात आमचं सगळं काम आलं. ब्लोअरचा पंखा आणि पंप पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या अवजार फिरवणाऱ्या दांड्यावर चालतात, आणि त्याला मिनिटाला पाचशे चाळीस फेरे लागतात. झिजलेलं इंजिन मोकळं चालताना चांगलं वाटतं, चढाला किंवा ओल्या मातीत भार आला की फेरे कमी होतात, हवा कमी होते आणि औषध पानाच्या खालच्या बाजूला पोचतच नाही. डावणी तिथेच बसते. माणूस औषधाला दोष देतो.

म्हणून जुना ट्रॅक्टर घ्यायला जाल तेव्हा सकाळी लवकर जा, आणि आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर मालकाने तुमच्या आधी चालू करून ठेवलाय. हीटर देऊन थंड इंजिन किती वेळात धरतं ते बघा. तापल्यावर ऑइलचं झाकण उघडा; तिथून धूर भकाभका येत असेल तर रंगाकडे बघूच नका. रोटर लावून लिफ्ट वर घ्या, इंजिन बंद करा आणि चहा होईपर्यंत थांबा. रोटर खाली बसला तर लिफ्टचे सील किंवा व्हॉल्व्ह गेलेत. आरसी बुकावर बँकेचा बोजा चढलेला आहे का ते वाचा.

आणि ज्यांच्याकडे आधीच मशीन आहे त्यांनी बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारल्यावर ट्रॅक्टर त्याच दिवशी धुवावा. मोरचूद पत्रा आणि वायरिंग दोन्ही खातं. रेडिएटरच्या जाळीत गंधकाची पावडर आणि पानांचा चुरा बसतो, तो आतून बाहेर हवा मारून काढावा. आमच्याकडे येणारी हेड गॅस्केटं बहुतेक त्या बुजलेल्या जाळीपायी गेलेली असतात. रिबिल्ट झाल्यावर पहिले 50 तास जड रोटर लावू नका, आणि त्यानंतर ऑइल बदला, ते काळं दिसो वा न दिसो.

मामा आता शेडमध्ये येत नाहीत, डोळे साथ देत नाहीत. पेटी त्यांनी भाच्याकडे दिली, तोही कोणाला हात लावू देत नाही. त्या माणसाचं दुकान अजून चालू आहे, रंगाचा वास रस्त्यापर्यंत येतो. आमच्याकडे येणारी माणसं मात्र आता कार्डावरचे तिन्ही सिलिंडरचे आकडे वेगवेगळे आहेत ना, ते आधी बघतात.

गोडी बार छाटणीच्या आधी ज्यांना मशीन हवंय त्यांनी उन्हाळ्यातल्या खरड छाटणीची कामं उरकली की जूनमध्येच आणून टाकावं. बोअरिंग, ग्राइंडिंग, डिझेल पंपाचं कॅलिब्रेशन, सगळं नीट करायला तेवढा वेळ लागतोच. 15 सप्टेंबरनंतर आम्ही कोणाचंही इंजिन उघडत नाही, अप्पांचंसुद्धा नाही.