फाल्गुनातली गच्ची

७ मार्च २०२३, धुळवड

सकाळी गच्चीवर गेले तर सगळ्या कुंड्या वरून ओल्या, आणि बोट आत घातलं तर माती कोरडी ठाक. कालच्या शिडकाव्यानं वरचा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) तेवढा भिजलेला. अशा वेळी डोळ्यांवर विसंबून चालत नाही, कुंडी जरा उचलून बघावी लागते. वजन हाताला सांगतं पाणी हवंय की नको.

गेल्या महिन्याबद्दल हवामान खात्यानं सांगितलं की कमाल तापमानाची देशाची सरासरी पाहिली, तर १९०१पासूनचा हा सर्वांत उष्ण फेब्रुवारी. गच्चीवर ते आधीच दिसत होतं. पालक तुऱ्यावर आलाय. कोथिंबिरीची पानं दोऱ्यासारखी बारीक झाली आणि ती सरळ फुलायला लागली. मी ती उपटणार नाही. त्या पांढऱ्या फुलांवर सकाळी मधमाश्या येतात, शिवाय हवेत एका जागी तरंगणाऱ्या पट्टेरी माश्या येतात. त्यांतल्या बऱ्याच माश्यांच्या अळ्या मावा, म्हणजे झाडांचा रस शोषणारी बारीक कीड, खातात. एवढ्यासाठी एक कुंडी अडकून राहिली तरी मला चालेल.

१७ मार्च

आभाळ भरलेलं, मधूनच गडगडाट, मधूनच सर. असल्या हवेत मावा वाढणारच. वालाचे कोवळे शेंडे काळ्या माव्यानं गच्च भरलेत आणि मुंग्यांची रांग लागलीय. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं शेंडे धुतले, फार भरलेले खुडून टाकले. निंबोळी अर्काची बाटली काढली होती, ती परत ठेवली, कारण एका पानामागे ढालकिड्याच्या (लेडीबर्डच्या) अळ्या दिसल्या, त्याही मावा खातात. त्यांना काम करू द्यावं. कुंड्यांखालच्या ताटल्या मात्र सगळ्या काढून उलट्या घातल्या. साचलेल्या पाण्यात मुळं कुजतात, आणि ढग असताना ते पाणी लवकर आटतही नाही.

पिकत आलेले टोमॅटो देठाजवळ तडकले. आधी कडक ऊन आणि मग एकदम पाणी, सालीला तेवढ्या वेगानं ताणता येत नाही. संध्याकाळी दिंडोरीच्या मावसभावाला फोन केला. त्याची द्राक्षं काढणीला आलीत. "मणी तडकायला लागलेत गं," एवढंच म्हणाला. मग बराच वेळ आम्ही त्याच्या मुलीच्या परीक्षेबद्दल बोलत राहिलो. माझ्या टोमॅटोंची चटणी होईल, त्याचं वर्षाचं उत्पन्न वेलीवर लटकतंय. फोन ठेवल्यावर बागेचं काही लिहावंसंच वाटेना.

२२ मार्च, पाडवा

समोरचा कडुनिंब मोहरलाय. प्रसादासाठी सकाळी थोडी फुलं आणि कोवळी पानं आणली. आज ऊन स्वच्छ आहे, पण या वर्षी दोन दिवसांपुढचा भरवसा कोणी देऊ नये.

जमिनीतल्या झाडाला खाली खोल माती असते, वरचं तापमान कितीही हाललं तरी हातभर खाली गारवा टिकतो. कुंडीतल्या मुळांना पळायला जागाच नाही. ऊन वरून लागतं, बाजूंनीही लागतं. काळ्या ग्रो बॅगच्या पश्चिमेकडच्या बाजूला दुपारी चारला हात लावून बघा, मुळं काय सोसतात ते कळेल. लोक पानांकडे बघून पाणी घालत राहतात, खरी काळजी त्या बाजूची घ्यायला हवी. म्हणून आज सगळ्या पिशव्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या आणि पश्चिमेच्या रांगेला गोणपाट गुंडाळलं. मातीवर बदामाच्या पाचोळ्याचा चार बोटं थर दिला. ५० टक्के ऊन अडवणारी शेडनेट (सावलीची जाळी) बांधली, पण एका बाजूला दोरी सैल ठेवलीय. ढग आले की ती गुंडाळता यायला हवी, नाहीतर भुरी, पानांवरची पांढरी बुरशी, ठरलेली.

टोमॅटोची फुलं गळायला लागलीत. दुपारचा पारा ३५च्या वर राहिला की परागकण नीट काम करत नाहीत, आणि फूल देठातून सुटतं. खत घालून हे थांबणार नाही. लागलेली फळं पिकवून घ्यायची आणि झाडं काढायची, असं ठरवलंय. मिरचीला मात्र वेळ द्यायचा, पावसाळ्यात ती परत धरेल. आणि मोगरा! जानेवारीत छाटला होता, आता प्रत्येक फांदीच्या टोकाला कळ्या आहेत. या उन्हानं भलं केलं ते एवढ्या एका झाडाचं, पण त्याचा आनंद मला अगदी मनापासून झालाय.

भेंडी आणि गवारीचं बी भिजत घातलंय. पालकाच्या कुंड्यांतली माती उलथून त्यात गांडूळखत नि मूठभर नीमपेंड मिसळली. उद्या सकाळी ऊन चढायच्या आत पेरणी.