गतिरोधकावर कळलेलं दुखणं

लीड्सला परतून आज बारा दिवस झाले. बेंबीतला टाका विरघळून गेला, पण तिथे अजून खाजतं. ऑफिसात कुणी बघत नाही असं पाहून मी हळूच स्वेटरवरून खाजवून घेते. जानेवारीत तीन आठवड्यांच्या सुट्टीवर नाशिकला गेले होते. बेत असा होता: एक लग्न, दिंडोरीला काकांच्या द्राक्षमळ्यात दोन दिवस आणि उरलेला वेळ गच्चीवर उन्हात बसून आईच्या हातचं खाणं. यातलं लग्न तेवढं झालं. बाकीच्या दिवसांत अपेंडिक्स काढून घेतलं.

मंगळवारी रात्री बेंबीभोवती दुखायला लागलं. कुठे दुखतंय म्हणून विचारलं तर बोट ठेवता येईना, नुसता तळहात फिरवून दाखवत होते. आईने ओवा आणि काळं मीठ दिलं, बाबांनी ईनो दिला. दोघांचंही एकमत होतं की रविवारी खाल्लेली मिसळ बाधली. (आमच्या घरी मिसळीवर आरोप ठेवायला दोन दिवसांचं अंतर आड येत नाही.) पहाटे दोनदा उलटी झाली, आणि उजाडेपर्यंत दुखणं खाली उजवीकडे सरकून तिथेच बसलं. आता बोट बरोबर ठेवता येत होतं. मला तेव्हाच कळलं होतं हे काय आहे. पण मी गप्प बसले.

इंदिरानगरहून गंगापूर रोडपर्यंत किती गतिरोधक आहेत हे मला आता पाठ झालंय. बाबा वॅगन-आर इतकी हळू चालवत होते की मागचे रिक्षावाले शिव्या घालत होते, तरी प्रत्येक उंचवट्यावर पोटात कुणीतरी सुरी फिरवल्यासारखं व्हायचं. कॅनडा कॉर्नरच्या चौकात बाबा म्हणाले, "बघ, कॅनडापण आला." एरवी मी हसले असते.

गंगापूर रोडच्या त्या छोट्या नर्सिंग होममध्ये सर्जनने पहिला प्रश्न हाच विचारला, "येताना गतिरोधकावर जास्त दुखलं का?" मला वाटलं सहज विचारतायत. नंतर समजलं की इंग्लंडमधल्याच डॉक्टरांनी २०१२ साली यावर रीतसर अभ्यास छापला होता. त्यांच्याकडे अपेंडिसायटिसचं निदान पक्कं झालेले ३४ रुग्ण होते, त्यातल्या ३३ जणांना दवाखान्यात येताना गतिरोधकांवर दुखणं वाढलं होतं. अभ्यास इंग्लंडचा, पण नाशिककरांच्या जास्त कामाचा.

मग त्यांनी पोट दाबलं आणि हात झटकन काढला. दाबताना दुखलं त्याच्या दुप्पट हात काढताना दुखलं. बेंबीपासून उजव्या कमरेच्या हाडाच्या टोकापर्यंत रेघ ओढायची आणि हाडाकडून एक तृतीयांश अंतरावर थांबायचं, ती ही जागा. दुखणं आधी बेंबीशी का होतं तेही त्यांनी सांगितलं. आतड्याच्या नसा नेमका पत्ता सांगत नाहीत, 'मध्ये कुठेतरी' एवढंच कळवतात. सूज वाढून पोटाच्या आतल्या अस्तराला लागली की मग पत्ता कळतो.

"याआधी असं कधी दुखलं होतं?"

माझ्याआधी आईनेच उत्तर दिलं, "नाही हो डॉक्टर, हिला कधीच काही नसतं."

मी छताकडे बघत म्हटलं, "दुखलं होतं. मागच्या मार्चमध्ये. तिकडे."

मार्चची गोष्ट अशी. रात्री साडेदहाला असंच दुखायला लागलं. तिकडे आधी १११ ला फोन करायचा, ते प्रश्न विचारतात आणि कुठे जायचं ते सांगतात. मला त्यांनी टॅक्सी करून इमर्जन्सीत जायला सांगितलं. तिथे नऊ तास प्लॅस्टिकच्या खुर्चीवर होते. समोरचा एक जण सुजलेल्या घोट्यावर गोठवलेल्या मटारची पिशवी ठेवून बसला होता. मटार वितळून पिशवी गळायला लागली तरी त्याचाही नंबर आला नाही. सकाळी सीटी स्कॅन झाला, आणि एक तरुण डॉक्टर पलंगाशेजारी उकिडवा बसून माझ्याशी बोलला. फक्त माझ्याशी. अपेंडिक्स सुजलंय पण फुटलेलं नाही, आत खडाही दिसत नाही. दोन मार्ग आहेत. ऑपरेशन करू, किंवा अँटिबायोटिक्सवर बघू. फिनलंडमधल्या एका मोठ्या अभ्यासात औषधांवर ठेवलेल्यांपैकी दर १० मधल्या जवळपास ४ जणांना पाच वर्षांच्या आत ते दुखणं पुन्हा झालं, हेही त्याने लपवलं नाही. निर्णय तुमचा, म्हणाला.

मी औषधं घेतली. लोकांना वाटेल अभ्यास वाचून ठरवलं. खरं कारण वेगळं आहे. भूल दिल्यावर पहिले २४ तास घरी एक मोठं माणूस सोबत हवं, असं त्यांनी सांगितलं होतं. माझी रूममेट पोर्तुगालला गेली होती. ऑफिसातल्या कुणाला 'रात्रभर माझ्याकडे राहशील का' असं विचारायची हिंमत होईना. माझ्या त्या निर्णयात वैद्यकशास्त्र पावभर होतं, बाकी सगळं हे.

दोन रात्री वॉर्डात काढल्या. गुरुवारी आईचा व्हिडिओ कॉल आला. न उचलावा तर दहा वेळा येईल म्हणून उचलला. सुई लावलेला हात पांघरुणात होता, मागे निळा पडदा. ऑफिसातल्या शांत खोलीत बसलेय, घसा बसलाय, म्हटलं. आई म्हणाली, हळद-दूध घे.

सात हजार किलोमीटरवर दुखणं सांगून काय करायचं, हा हिशोब परदेशात राहणारा प्रत्येक जण करतो. त्यांना व्हिसा मिळेपर्यंत माझं बरं होऊन जाणार, आणि तोवर आई झोपणार नाही. लीड्समधल्या आमच्या मराठी मंडळींपैकी जवळजवळ सगळ्यांकडे अशी एकेक न सांगितलेली गोष्ट आहे. मीही त्याला समजूतदारपणा म्हणत होते.

डॉक्टरांच्या खोलीत आई काही बोलली नाही. पर्स उघडून चष्मा काढला, पुसला, परत ठेवला.

पुढचं सगळं भराभर झालं. रक्तात पांढऱ्या पेशी १६,४०० निघाल्या, ११,००० च्या आत हव्या असतात. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर गर्भलिंग निदान केलं जात नसल्याची पाटी, आणि आत पहिला प्रश्न, "लग्न झालंय?" उजवीकडे खाली दुखतंय म्हटल्यावर बाईच्या बाबतीत गर्भ नळीत तर राहिला नाही ना, हे बघावंच लागतं. ते बरोबरच आहे. लीड्सला नर्सने सरळ विचारलं होतं, गरोदर असायची शक्यता आहे का. आपल्याकडे तोच प्रश्न मंगळसूत्राच्या आडून येतो, तोही आईसमोर. मी एकतीस वर्षांची आहे. मला तो प्रश्न सरळ विचारलेला चालला असता.

संमतीपत्रावर मी सही केली. सिस्टरने कागद वाचू न देताच पुढे सरकवला, "आता नातेवाईकांची." आईने सही केली आणि 'नाते' या रकान्यात ठळक अक्षरात 'आई' लिहिलं. तिकडे कुणी माझ्या नातेवाइकांची चौकशीही केली नव्हती. तेव्हा ते मला फार आवडलं होतं.

इंग्लंडमध्ये या ऑपरेशनला कुलपाच्या भोकातून केलेलं म्हणतात, आपण दुर्बिणीतून म्हणतो. बाबांच्या डोळ्यांसमोर दुर्बीण म्हणजे चंद्र बघायची, त्यामुळे ते जरा गोंधळलेले. प्रत्यक्षात तीन छिद्रं. बेंबीपाशी सेंटिमीटरभर, त्यातून कॅमेरा. खाली दोन लहान, त्यातून हत्यारं. आत काम करायला जागा व्हावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवतात. हाच वायू का, तर आत विजेच्या उपकरणाने रक्तवाहिनी बंद करायची असते आणि हा पेट घेत नाही. शिवाय तो रक्तात विरघळून श्वासावाटे निघून जातो. थोडा मागे राहतो तो पडद्याखाली, म्हणजे फुप्फुसांखालच्या स्नायूच्या पडद्याखाली जमतो आणि दुखतो मात्र उजवा खांदा. दुसऱ्या दिवशी मी पोटाचं सोडून खांद्याचंच रडगाणं लावलं, तेव्हा आत्याला वाटलं टेबलावरून पाडलं की काय.

अपेंडिक्स असं पहिल्यांदा काढलं ते १९८० साली, जर्मनीत किल शहरात, कुर्ट झेम यांनी. ते सर्जन नव्हते, स्त्रीरोगतज्ज्ञ होते. सर्जन लोक इतके चिडले की त्यांच्या संघटनेच्या अध्यक्षांनी यांची प्रॅक्टिस बंद करा म्हणून पत्र लिहिलं. गंगापूर रोडवर आता ते पाऊण तासात होतं, आणि बाहेर बाबा चहा पिऊन येईपर्यंत संपलेलं असतं.

संपल्यावर काय झालं ते मी पाहिलेलं नाही, पण चार जणांकडून चार वेळा ऐकलंय. डॉक्टर हिरव्या कपड्यातच बाहेर आले. हातात स्टीलचा ट्रे, त्यात गॉजवर माझं अपेंडिक्स. करंगळीएवढं लांब, अंगठ्याएवढं सुजलेलं, टोकाकडे काळपट. "बघा, अजून एक दिवस थांबला असतात तर फुटलं असतं." आई, बाबा, मामा, आत्या, सगळ्यांनी वाकून पाहिलं. बाबांनी फोटो काढला आणि 'आपलं कुटुंब' ग्रुपवर टाकला. माझं पोट मीही आतून पाहिलेलं नाही, ते बाबांच्या पुण्याच्या मावससासऱ्यांनी पाहिलंय.

मग ते फॉर्मॅलिनच्या डबीत घालून मामाच्या हातात दिलं. तपासणीला पाठवायचंच असतं, कारण क्वचित त्यात कर्करोगाची गाठ निघते. मामाने डबी पिशवीत घातली, पिशवी अ‍ॅक्टिवाच्या हुकला अडकवली आणि शरणपूर रोडवरच्या लॅबकडे निघाला. वाटेत मामीचा फोन आला म्हणून कोथिंबीर घेतली. तीही त्याच हुकला.

तीन दिवस खोलीत जत्रा होती. लीड्सच्या वॉर्डात एका पेशंटला दोन भेटणारे, तेही वेळेत. इथे डॉक्टर राऊंडला आले की आधी पाच जणांना बाहेर काढावं लागे. डॉक्टरांनी "वारा सरला का?" असं एकदा विचारलं मात्र, की येणारा प्रत्येक जण तेच विचारायला लागला. शेवटी सरला तेव्हा आत्याने दारातून मामाला ओरडून सांगितलं. लाजायचं ते एकदाच लाजून घेतलं मी. आत्याचं म्हणणं, पेरूच्या बिया अडकल्या असणार. दिंडोरीचे काका म्हणाले, "आमच्या मालावर येऊ नका, आमचं थॉम्सन सीडलेस आहे." बियांचा सहसा काही संबंध नसतो. अपेंडिक्सच्या तोंडाशी मळाचा खडा अडकतो किंवा आतल्या लसिकाग्रंथी सुजतात, वाट बंद होते आणि आत जंतू माजतात. पण हे सांगून ऐकतंय कोण.

बिल ७८ हजार झालं. बाबांच्या मेडिक्लेममध्ये मी नाही, त्यामुळे सगळं रोख आणि यूपीआय. लोकांना वाटतं तिकडे उपचार फुकट. मी व्हिसासाठी वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार भरते, तोही तीन वर्षांचा एकदम. नाशिकचं अख्खं ऑपरेशन साडेसातशे पौंडांच्या आत बसलं. मात्र ज्यांच्या घरात ७८ हजार लगेच उभे राहत नाहीत, त्यांना तो ट्रे दाखवण्याआधी काउंटरवर काय बघावं लागतं, तेही मी त्या तीन दिवसांत शेजारच्या खोलीत पाहिलं.

दुसऱ्या रात्री सगळे गेल्यावर आई बाजूच्या अरुंद बाकड्यावर आडवी झाली. दिवा मालवलेला. मला वाटलं झोपली.

"तो निळा पडदा हॉस्पिटलचाच होता ना?"

मी काही बोलले नाही.

"त्यावर चिठ्ठी होती. तारखेची. ऑफिसात कुणी पडद्याला तारीख लावतं का?"

ती होती खरी. पडदा कधी बदलला ते तिथे लिहून ठेवतात.

"मग विचारलं का नाहीस?"

"तू सांगितलं नाहीस." जरा वेळाने म्हणाली, "पेज कशी करायची ते सांगितलं की."

सांगितलं होतं. त्या आठवड्यात रोज दोनदा फोन करून तिने मला पेज, मुगाचं कढण, मेतकूट-भात असं सगळं कारण नसताना शिकवलं होतं. हिला आता करमत नाही असं मी तेव्हा मैत्रिणीला म्हटलं होतं.

दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांतही विमानात बसता येतं म्हणतात. पोटात राहिलेला वायू उंचीवर फुगतो, तो जिरून जायला हवा एवढंच. मी अकरा दिवसांनी निघाले, प्रवासाला हरकत नसल्याचं डॉक्टरांचं पत्र घेऊन. जड उचलायचं नव्हतं, आणि आईने २३ किलोंच्या दोन बॅगा भरल्या होत्या. मँचेस्टरला पट्ट्यावरून त्या उतरवून द्यायला एका अनोळखी माणसाला सांगितलं. त्याने विचारलं, यात आहे काय? चिवडा, म्हटलं.

लॅबचा रिपोर्ट मी इथे पोचल्यावर आला. बाबांनी तोही ग्रुपवर टाकला. सूज होती, गाठ नाही. मामाने अंगठा दाखवला.

काल आईचा व्हिडिओ कॉल आला. कशी आहेस, जेवलीस का, झालं. मग म्हणाली, "कॅमेरा जरा फिरव." मी फिरवला. भिंत, खिडकी, बाहेरचा पाऊस, हीटरवर वाळत घातलेले कपडे.

"ओले कपडे तसे हीटरवर टाकू नकोस," ती म्हणाली, "खोलीत बुरशी येते."