ही माणसं आमची सभासद नाहीत

सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास आमचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या एका पतसंस्थेच्या व्यवस्थापकांचा फोन आला. "ताई, आजच्या थकबाकीच्या यादीत पाच नावं दिसतायत. त्यातली तीन माणसं आमची सभासदच नाहीत. कुणाची आहेत ही?"

ऐकूनच माझे हातपाय गार पडले. कोण कर्ज थकवून बसलंय हे दुसऱ्या संस्थेला कळणं म्हणजे त्या माणसाची अब्रूच चव्हाट्यावर येणं.

आमच्याकडे एकाच पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये प्रत्येक पतसंस्थेची वेगळी स्कीमा, म्हणजे टेबलांचा स्वतंत्र कप्पा, होती, अशा ४१. टेबलांची नावं सगळीकडे सारखीच. विनंती कुठल्या संस्थेकडून आली ते पाहून सर्च पाथ, म्हणजे टेबल कुठल्या स्कीमांत कुठल्या क्रमाने शोधायचं ती यादी, बदलायचा: आधी त्या संस्थेची स्कीमा, मग पब्लिक ही पोस्टग्रेसची मूळची स्कीमा. ओआरएम, म्हणजे कोडमधून टेबलं हाताळायचं साधन, आम्ही एसक्यूएलअल्केमी वापरायचो आणि मायग्रेशनसाठी, म्हणजे टेबलांच्या रचनेतले बदल चढवायला, अलेम्बिक. गुरुवारी रात्री एक नवं टेबल चढवलं होतं. थकबाकीदाराला फोन केल्यावर कर्मचारी जो शेरा लिहितो तो आणि पुढच्या फोनची तारीख ठेवण्यासाठी. स्क्रिप्टने आधी पब्लिक आणि मग एकेक संस्था घेत सगळीकडे 'पूर्ण' छापलं होतं. लाल अक्षरांतली एकही ओळ नव्हती.

आधी कनेक्शन पूलवर, म्हणजे डेटाबेसच्या आळीपाळीने वापरल्या जाणाऱ्या जोडण्यांवर, संशय आला, त्यात तासभर गेला. मग डेटाबेसलाच विचारलं, हे टेबल किती संस्थांच्या स्कीमांत आहे? उत्तर आलं, ३८.

तीन कमी. तरीही त्या तिन्ही संस्था शुक्रवारपासून बिनतक्रार शेरे लिहीत होत्या. ते जात कुठे होते? पब्लिकमध्ये. एके काळी आमचा एकच ग्राहक होता तेव्हाची सगळी टेबलं तिथे तशीच होती, प्रात्यक्षिकापुरती वापरायचो. संस्थेच्या स्कीमात टेबल सापडलं नाही की पोस्टग्रेस सर्च पाथमधल्या पुढच्या स्कीमात बघतो, आणि तिथे ते होतं. तिन्ही संस्थांच्या नोंदी एकाच टेबलात पडत होत्या. त्या टेबलाला सभासदांच्या टेबलाशी जोडणारी फॉरेन की आम्ही ठेवली नव्हती; सभासदाचं नाव नुसता मजकूर म्हणून लिहिलं जायचं. ती असती, तर बहुतेक नोंदी पोस्टग्रेसने तिथल्या तिथे नाकारल्या असत्या आणि शुक्रवारीच आरडाओरडा झाला असता.

पण मायग्रेशन वगळलं का गेलं? या तिन्ही संस्था अलीकडे आलेल्या. त्यांच्या स्कीमा आम्ही मायग्रेशन न चालवता मॉडेलांवरून, म्हणजे कोडमधल्या टेबलांच्या वर्णनांवरून, थेट 'क्रिएट ऑल' करून उभ्या केल्या होत्या, त्यामुळे कुठपर्यंतचे बदल चढलेत ती आवृत्ती नोंदवणारं अलेम्बिकचं टेबलच त्यांच्यात नव्हतं. अलेम्बिकनेही ते सर्च पाथवरूनच शोधलं. त्याला पब्लिकमधलं सापडलं, आणि पब्लिक तर नुकतंच अद्ययावत झालेलं. म्हणजे करण्यासारखं काहीच उरलेलं नाही. लॉग पुन्हा उघडला. ३८ संस्थांपुढे 'रनिंग अपग्रेड' ही ओळ होती, या तिघींपुढे नव्हती. आमची स्क्रिप्ट मात्र डोळे झाकून 'पूर्ण' म्हणत होती.

तिन्ही संस्थांचं शेऱ्यांचं ते पान बंद केलं. घाईत मी त्या स्कीमांवर शेवटच्या आवृत्तीचा शिक्का मारायला, म्हणजे बदल न चालवता नुसती तशी नोंद करायला, निघाले होते. तसं केलं असतं तर टेबल नसतानाही ते आहे असं कायमचं नोंदलं गेलं असतं. शेजारच्या सहकाऱ्याने हात धरला. स्कीमा ज्या दिवशी बनली त्या दिवशीची आवृत्ती शोधून तिचा शिक्का मारला आणि मग अपग्रेड चालवलं.

खरी दमछाक नोंदी वेगळ्या करताना झाली. २१२ ओळी, आणि कुठली कुणाची हे सांगणारा कॉलम नाही. कर्मचाऱ्याचा क्रमांक प्रत्येक संस्थेत एकपासूनच सुरू होतो, तो काय कामाचा! शेवटी वेब सर्व्हरचा लॉग काढून वेळेशी वेळ जुळवली. नऊ ओळी तरीही उरल्या, त्या फोन करून विचारल्या.

पुढच्या आठवड्यात सर्च पाथमधून पब्लिक काढलं. लगेच नावाचा शोध मोडला, कारण मिळतीजुळती नावं शोधणारं पीजी ट्रायग्राम हे पोस्टग्रेसचं एक्स्टेन्शन तिथेच होतं. त्याला वेगळी स्कीमा दिली. आवृत्तीचं टेबल कुठल्या स्कीमात शोधायचं हे आता अलेम्बिकला नाव घेऊन सांगतो, आणि मायग्रेशन संपलं की प्रत्येक स्कीमातली आवृत्ती वाचून ताडून बघतो.

त्या सोमवारी संध्याकाळी मात्र तिन्ही व्यवस्थापकांना मीच फोन लावले. सकाळच्या साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "आमची किती नावं तिकडे दिसली?"

लॉग समोर होता. "चौदा," मी म्हणाले.

"वाचून दाखवा."

मी एकेक नाव वाचत गेले. पलीकडे ते लिहून घेत होते.