डोनरला आजार कोणता? किडनी ट्रान्सप्लांटच्या क्लेमचा माझा अनुभव

नवऱ्याच्या किडनी ट्रान्सप्लांटला वर्ष होत आलं. किडनी सासूबाईंनी दिली. दोघंही ठणठणीत आहेत. आई-मुलाचं नातं असल्यामुळे ट्रान्सप्लांटच्या मंजुरीचे कागदही फारसे अडले नाहीत. तरी ‘क्वेरी’, म्हणजे विमा कंपनीने काढलेली शंका, हा शब्द ऐकला की आजही माझं डोकं सणकतं.

आमची पाच लाखांची पॉलिसी, आजार कळण्याच्या कितीतरी आधी काढलेली. तिच्यात अवयवदात्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळेल असं स्पष्ट लिहिलंय. मी निर्धास्त होते. कॅशलेस नवऱ्यापुरतं मंजूर झालं, सासूबाईंचं बिल मात्र अडकलं. कारण काय, तर ‘दाता विमाधारक नाही, त्यांचा पॉलिसी नंबर कळवा’. अहो, दात्याचा खर्च रुग्णाच्या पॉलिसीतून मिळतो, ते कलमच त्यासाठी आहे! तसं लिहून दिलं. पुढची क्वेरी आली: ‘दाखल होण्याचं वैद्यकीय कारण व आजाराचं निदान द्यावे’.

आता निरोगी माणसाच्या आजाराचं निदान कुठून आणायचं? डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांनी ‘निरोगी किडनीदाता’ असंच लिहिलं होतं. रुग्णालयात विम्याचे क्लेम बघणाऱ्या टीपीए डेस्कवरचा मुलगा म्हणाला, “ताई, सिस्टिममध्ये डायग्नोसिस लागतंच.” मी म्हटलं, “मग त्या इथे काय हवापालटाला आल्या होत्या?” तो बिचारा हसला, त्याच्या हातात काही नव्हतं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “अगं, किडनी दिली, पावती घ्यायची राहिली बघ.”

घोळ असा होता की दोघांचे ॲडमिशन नंबर वेगळे, म्हणून फायलीही वेगळ्या. सासूबाईंची फाईल कुठल्याच क्लेमला जोडलेली नव्हती. शेवटी रुग्णालयाच्या लेटरहेडवर दोन्ही नंबर एकत्र लिहून ‘या दात्याची किडनी याच रुग्णाला बसवली’ असं पत्र घेतलं. त्याला ट्रान्सप्लांटच्या मंजुरीची प्रत आणि पॉलिसीतलं ते कलम अधोरेखित करून जोडलं आणि थेट कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. महिन्याभरात उत्तर नाही आलं तर विमा लोकपालाकडे जाईन, हेही लिहिलं. तिथे तक्रारीला फी नसते, वकील लागत नाही. मग मात्र पैसे आले. हे पत्र ऑपरेशनच्या आधीच मागून ठेवा. तारीख ठरायच्या आधी दात्याबद्दल कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. फोनवरच्या ‘हो मॅडम, कव्हर आहे’ला काडीची किंमत नाही.

दात्याच्या तपासण्यांचा खर्च मात्र मिळाला नाही. आधी दिरांच्या केल्या: क्रॉसमॅच (रुग्णाशी रक्त जुळतं का ते), सीटी अँजिओ (किडनीच्या रक्तवाहिन्यांचं स्कॅन), सगळं. त्यांना शुगर निघाली, म्हणून पुन्हा सासूबाईंच्या. हा खर्च रुग्णालयाच्या पॅकेजमध्येही नव्हता. अंदाजपत्रक हातात पडलं की त्यात काय नाही ते आधी विचारा.

खोलीचं भाडंही बघा. आमच्या पॉलिसीत विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला 5,000. आठ हजारांची खोली घेतली असती तर फक्त वरचे तीन हजार नाही, डॉक्टरांच्या फीसकट बऱ्याच खर्चाला त्याच प्रमाणात कात्री लागली असती.

खरा खर्च घरी आल्यावर सुरू होतो. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट ही औषधं दर महिन्याला, किडनी चालते तोवर. डिस्चार्जनंतरचे ठरावीक दिवस विमा देतो, पुढचं सगळं खिशातून. जुन्या करप्रणालीत असाल तर अशा गंभीर आजाराच्या उपचारांसाठी आयकरात (1961 च्या कायद्यात कलम 80डीडीबी) 40,000 पर्यंत वजावट मिळते, रुग्ण ज्येष्ठ नागरिक असेल तर एक लाखापर्यंत. तज्ज्ञ डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन त्यासाठी जपून ठेवा.

आणि पॉलिसीच नसेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किडनी ट्रान्सप्लांट आहे, मर्यादा साडेचार लाख. मात्र रुग्णालय योजनेच्या यादीत हवं, आणि आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला, दाखल व्हायच्या आधी भेटायचं.