वेहिकल गटातले उंदीर

डीएचए हे माशांच्या तेलातलं ओमेगा-३ मेदाम्ल वेदना कमी करतं का, ते मी उंदरांवर तपासते. संध्याकाळी कोड उघडला, म्हणजे कोणता उंदीर कोणत्या गटातला ते पाहिलं. डीएचए पाजलेले उंदीर पंजा कमी चाटतील ही अपेक्षा होतीच, पण नुसतं वेहिकल, म्हणजे औषध ज्यात मिसळतात ते औषधाविनाचं द्रावण, पाजलेलेही तितकेच शांत निघाले. दोन गटांत फरकच उरला नव्हता.

फॉर्मलिन चाचणी ऐकायला सोपी. मागच्या पंजाच्या तळव्यात २० मायक्रोलिटर पातळ फॉर्मलिन टोचायचं आणि उंदीर तो पंजा किती सेकंद चाटतो ते मोजायचं. पहिली ५ मिनिटं मज्जातंतू थेट चेतवल्याची वेदना; मग उंदीर जरा निवतो, आणि साधारण १५ ते ३० मिनिटांदरम्यान दाहाची वेदना वर येते.

खरा जीव जातो तो डीएचए सांभाळताना. २२ कार्बनांच्या साखळीत ६ दुहेरी बंध. हवा लागली की खवट. मी कुपी नायट्रोजनखाली बंद करते, अंधारात गोठवते, उघडलेली पुन्हा वापरत नाही. वेहिकल म्हणून ऑलिव्ह तेल घेणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. त्यात मुख्यतः ओलिक आम्लच असतं, म्हणजे मेदाम्लाची तुलना मेदाम्लाशीच! मी पाण्यात विरघळणाऱ्या सेल्युलोजच्या द्रावणात घोटते.

त्या दिवशी आधी फॉर्मलिनवर संशय घेतला, पण पंजे नीट सुजले होते. मग आठवलं: माझं मनगट दुखावलं होतं म्हणून सगळी इंजेक्शनं सहकाऱ्याने दिली होती. त्याच्यासारखा हलका हात आमच्याकडे कुणाचा नाही, आणि तो चुकला असं मी आजही म्हणणार नाही. पण पुरुषाच्या नुसत्या वासाने उंदरांना ताण येतो आणि त्या ताणाने वेदना दबते, हे २०१४ मध्येच प्रसिद्ध झालं आहे. तरी उंदीर कुणी हाताळले हे शोधनिबंधांत क्वचितच लिहिलेलं सापडतं. आमच्या प्रमुखांनी तो दिवस वगळायला सांगितला. मला ते पटलं नाही.

कारण माझी काळजी त्या एका दिवसापुरती नाही. डीएचए ओपिऑइड ग्राहकांवर, म्हणजे अफूसारखी वेदनाशामकं पेशींवर जिथे बसतात त्या रेणूंवर, स्वतः बसत नाही. जीपीआर४० या मेदाम्लांच्या ग्राहकामार्फत मेंदूत बीटा-एंडॉर्फिन हे शरीराचं स्वतःचं ओपिऑइड सुटत असावं, असे पुरावे आहेत. डीएचएबरोबर नॅलॉक्सोन हे ओपिऑइड ग्राहक अडवणारं औषध दिल्यावर वेदनाशमन पुसलं गेलं की त्या म्हणण्याला बळ मिळतं. आमच्या आधीच्या प्रयोगात ते पुसलं गेलं होतं, आणि तो आलेख मी अभिमानाने भिंतीवर लावला होता. पण ताणातून येणारं वेदनाशमनही काही अंशी ओपिऑइडच असतं. नॅलॉक्सोन तेही पुसतं.

रात्री त्या प्रयोगाची जुनी वही काढली. तेव्हा उंदीर थोडे थोडे करून मिळत, म्हणून एकेक गट वेगळ्या दिवशी झाला होता. वेहिकलच्या पानावर इंजेक्शन देणाऱ्याची सही माझी. नॅलॉक्सोनच्या पानावरही माझीच. नुसत्या डीएचएच्या पानावर त्या सहकाऱ्याची.

आलेख मी काढून ठेवला आहे. येत्या आठवड्यात सगळे गट एकाच दिवशी, एकाच हाताने पुन्हा करणार आहे.